घर, म्हातारपण आणि मोची: लिटिल टोकियोची गोष्ट

जे हा भाग न ऐकता थेट वाचायलाच आलेत त्यांच्यासाठी सांगतो, हे माझ्या बोलण्याचंच लेखी रूप आहे. मधले "म्हणजे काय ना" वगैरे बरेचसे काढलेत. थोडे राहिलेत, ते राहू देत.

आजचा विषय जरा लांबचा वाटेल. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिसमध्ये लिटिल टोकियो नावाची एक वस्ती आहे आणि तिथे लिटिल टोकियो सर्व्हिस सेंटर नावाची ना-नफा संस्था आहे. ही संस्था परवडणारी घरं बांधते, म्हाताऱ्या माणसांकडे बघते आणि वस्तीची संस्कृती टिकवायचा प्रयत्न करते. ऐकताना ही तीन वेगळी खाती वाटतात ना? मोठ्या कंपनीत असतात तशी, एकमेकांच्या ईमेलला उत्तर न देणारी. माझं म्हणणं असं आहे की हे एकच काम आहे. त्यातलं एक सोडलं तर उरलेली दोन फार काळ टिकत नाहीत. आणि याच्याशी माझं काय देणंघेणं, तेही पुढे येईलच.

नवीन लोकांसाठी माझी ओळख: बी.टेक., सॉफ्टवेअर, तिशीला टेकलेला. एका प्रोजेक्टवर सव्वा वर्ष लॉस एंजेलिसच्या डाउनटाउनमध्ये होतो. क्लायंटच्या ऑफिसपासून लिटिल टोकियो चालत पंधरा मिनिटांवर. तिथे पहिल्यांदा गेलो ते खायला. फुगेत्सु-दो नावाचं मोचीचं दुकान आहे, १९०३ पासूनचं. मोची कशी लागते? उकडीच्या मोदकाची पारी जरा जास्तच चिवट झाली आणि आत नारळाऐवजी लाल कडधान्याचं गोड पुरण भरलं, तर जे होईल ते. मला आवडली. शाकाहारी माणसाला परदेशात असं काही सापडलं की तो परत परत जातोच.

तर परत परत जाताना खाली लक्ष गेलं. फर्स्ट स्ट्रीटच्या फुटपाथवर, प्रत्येक दुकानाच्या दारासमोर, त्या जागेत पूर्वी कोणकोणती दुकानं होती त्यांची नावं सिमेंटमध्ये कोरली आहेत. सालासकट. हे एक कलाकाम आहे, १९९६ चं, शीला लेव्ह्रांट दे ब्रेटव्हिल या कलाकाराचं. त्याचं नाव 'ओमोइदे नो शोटोक्यो', म्हणजे लिटिल टोकियोच्या आठवणी. आता ही नावं वाचत रांगेने चालत गेलात की एक गोष्ट जाणवते. १९४१-४२ पर्यंत जपानी नावं आहेत. मग एकदम तुटतात.

हा इतिहास थोडा सांगायला लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. वस्तीची सुरुवात १८८४ च्या सुमाराची धरतात. एका जपानी खलाशाने उपाहारगृह काढलं, त्याभोवती माणसं जमली. पण या माणसांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळत नव्हतं. कायद्यानेच ते 'अपात्र' होते, थेट १९५२ पर्यंत. कॅलिफोर्नियाने १९१३ मध्ये कायदा केला की अशा अपात्र परदेशी लोकांना शेतजमीन विकत घेता येणार नाही. शहरातही बहुतेकजण भाडेकरूच. हा शब्द लक्षात ठेवा, भाडेकरू. सगळी गोष्ट त्या शब्दावर फिरते.

१९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक ९०६६ काढला. पश्चिम किनाऱ्यावरचे जवळजवळ १ लाख २० हजार जपानी वंशाचे लोक घरातून उचलून छावण्यांत ठेवले. त्यातले दोनतृतीयांश अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे रीतसर नागरिक होते. लिटिल टोकियोतल्या १९२५ साली बांधलेल्या बौद्ध मंदिरासमोरून बसेस सुटल्या. त्याच मंदिराच्या इमारतीत १९९२ मध्ये जपानी अमेरिकन राष्ट्रीय संग्रहालय सुरू झालं. वस्ती रिकामी झाली, मग दक्षिणेकडून कामासाठी आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं तिथे राहू लागली आणि काही वर्षं त्या भागाला 'ब्राँझव्हिल' म्हणायचे. युद्धानंतर जपानी माणसं परत आली. कमी आली, आणि हात रिकामे घेऊन आली.

पुढे काय झालं तर विकास झाला. हा शब्द आपल्यालाही ओळखीचा आहे. १९५० च्या दशकात पोलीस मुख्यालयासाठी शहराने वस्तीचा एक अख्खा तुकडा घेतला आणि तिथली दुकानं-घरं पाडली. १९७० मध्ये पुनर्विकास योजना मंजूर झाली. त्यातून मोठं हॉटेल आलं, व्यापारी संकुल आलं. ज्या जुन्या स्वस्त लॉजवजा इमारतींत म्हातारी एकटी माणसं राहत होती त्या गेल्या. या माणसांना 'इस्सेई' म्हणतात. जपानीत इची, नी, सान म्हणजे एक, दोन, तीन. स्थलांतर करून आलेली पहिली पिढी इस्सेई, त्यांची मुलं निसेई, नातवंडं सान्सेई. तर हे इस्सेई आजोबा. आयुष्यभर शेतात नाहीतर बागांमध्ये राबलेले, इंग्रजी जेमतेम, बरेचसे अविवाहित. छावणीतून परत येऊन दहा बाय दहाच्या खोलीत राहणारे. त्यांना आता तिथूनही उठायला सांगितलं.

त्यांच्यासाठी रस्त्यावर कोण उतरलं? नातवंडांची पिढी. विशी-पंचविशीची सान्सेई पोरं, कॉलेजातून बाहेर पडलेली. त्यांनी मोर्चे काढले, इमारती अडवल्या. सगळ्या वाचल्या नाहीत. पण त्या दशकात लिटिल टोकियो टॉवर्स नावाची ज्येष्ठांसाठीची तीनशे घरांची इमारत १९७५ मध्ये उभी राहिली. आज तिथे जपानी आजी-आजोबांबरोबर कोरियन आणि चिनी आजी-आजोबाही राहतात.

आता आपली संस्था. १९७९ मध्ये वस्तीतल्या काही मंडळींनी मिळून हे सर्व्हिस सेंटर काढलं. पहिले संचालक बिल वातानाबे, पेशाने समाजसेवक, आणि ते २०१२ पर्यंत त्या पदावर होते. तेहतीस वर्षं! आमच्या क्षेत्रात माणूस तीन वर्षं एका जागी टिकला तर त्याच्याकडे संशयाने बघतात.

सुरुवातीचं काम अगदी साधं होतं. जपानी बोलणाऱ्या म्हाताऱ्या बाईंच्या हातात सरकारी पत्र आलंय, इंग्रजीत. पेन्शनचं आहे की दवाखान्याचं, की घर रिकामं करायची नोटीस आहे, कळत नाही. तर वाचून दाखवायचं, फॉर्म भरायचा, फोन लावून द्यायचा, दवाखान्यात बरोबर जायचं. बस. तुमच्यापैकी कितीजण आई-बाबांसाठी ओटीपी सांगणारे, बँकेचं ॲप उघडून देणारे आहात? हेच काम, फक्त अख्ख्या वस्तीसाठी.

पण हे काम करताना एक गोष्ट डोळ्यांसमोर यायला लागते. फॉर्म भरून दिला, पेन्शन सुरू झाली, औषधं मिळाली, आणि सहा महिन्यांनी बाईंचं भाडं वाढलं आणि त्या वस्तीतून गेल्या. आता त्या अशा ठिकाणी आहेत जिथे जपानी येणारं कोणी नाही, पायी जायला दुकान नाही, मंदिर नाही. म्हणजे केलेलं सगळं काम पाण्यात. सॉफ्टवेअरवाल्यांना समजेल असं सांगतो: तुम्ही वरचे बग्ज कितीही सोडवा, सर्व्हरच दुसऱ्याच्या नावावर असेल आणि तो कधीही बंद करू शकत असेल, तर काय उपयोग?

म्हणून ही समाजसेवा करणारी संस्था घरबांधणीत उतरली. १९९१ मध्ये सॅन पेड्रो फर्म बिल्डिंग ही जुनी इमारत दुरुस्त करून ४२ छोटी परवडणारी घरं केली. १९९६ मध्ये कासा हेइवा ही नवी इमारत, १०० घरं. नाव बघा किती छान आहे. 'कासा' स्पॅनिश, म्हणजे घर. 'हेइवा' जपानी, म्हणजे शांती. संस्थेचं ऑफिसही याच इमारतीत तळमजल्यावर आहे. वरच्या मजल्यावरच्या आजींना काही अडलं तर लिफ्टने खाली यायचं. लोक मला विचारतात की चांगली सेवा कशी डिझाइन करायची. हे घ्या.

अर्धं नाव स्पॅनिश का, हेही सांगायला हवं. अमेरिकेत १९६८ चा फेअर हाउसिंग कायदा आहे. वंश, धर्म, मूळ देश बघून घर देता किंवा नाकारता येत नाही. म्हणजे जपानी संस्थेने बांधलेली इमारत असली तरी फक्त जपानी लोकांना घरं देता येत नाहीत. उत्पन्न बसत असेल तर कोणीही अर्ज करू शकतो. त्यामुळे तिथे मेक्सिकन कुटुंबं आहेत, कृष्णवर्णीय आहेत, चिनी, कोरियन आहेत. मला यात फार मोठी गोष्ट दिसते. वस्तीची संस्कृती राखायची, पण दारात उभं राहून आडनाव विचारायचं नाही. आपल्याकडे फ्लॅट भाड्याने बघायला गेल्यावर पहिले दोन प्रश्न काय असतात ते तुम्हाला माहीत आहे. "काय खाता?" आणि "आडनाव काय?"

पैसे कुठून येतात? हा भाग कंटाळवाणा आहे, पण मला हाच सगळ्यात आवडतो. अमेरिकेत १९८६ पासून एक करसवलत योजना आहे. परवडणारी घरं बांधणाऱ्या प्रकल्पाला सरकार रोख पैसे देत नाही, करसवलतीचे हक्क देतं. ना-नफा संस्थेला स्वतःला कर नाहीच, मग ती हे हक्क बँका किंवा कंपन्यांना देते, आणि त्या बदल्यात त्या प्रकल्पात भांडवल घालतात. शिवाय शहराचं, राज्याचं कर्ज. एका इमारतीच्या कागदावर पाच-सहा ठिकाणचे पैसे असतात आणि प्रत्येकाची अट वेगळी. भाडं बाजारभावाने ठरत नाही, त्या भागातल्या मधल्या उत्पन्नाच्या टक्केवारीवरून ठरतं. आणि कॅलिफोर्नियात ही अट साधारण ५५ वर्षं त्या मालमत्तेला चिकटून राहते. म्हणजे आज पाळण्यात असलेलं मूल पन्नाशी ओलांडेपर्यंत तिथलं भाडं कोणाच्या मर्जीवर नाही. मोर्चे काढणारी सान्सेई पोरं पुढे हे असले फॉर्म भरायला शिकली, हे मला मोर्चाइतकंच शूर वाटतं. फक्त त्याचा फोटो चांगला येत नाही.

आता संस्कृतीचं बघू. इथे संस्थेने जे केलं ते मला पटलं, कारण तिने संस्कृती काचेच्या कपाटात ठेवली नाही. १९२३ साली बांधलेलं एक जपानी चर्च होतं, पुढे मोडकळीला आलेलं. ते दुरुस्त करून १९९८ मध्ये युनियन सेंटर फॉर द आर्ट्स केलं. तिथे ईस्ट वेस्ट प्लेयर्स ही नाटक कंपनी आली. १९६५ मध्ये आशियाई वंशाच्या नटांनी काढलेली, कारण त्यांना दुसरीकडे नोकर, गुप्तहेर आणि धोबी याच भूमिका मिळायच्या. त्याच इमारतीत व्हिज्युअल कम्युनिकेशन्स ही चित्रपट-माध्यमातली संस्था आहे. तिचा एक उपक्रम असा की ज्येष्ठ नागरिकांना कॅमेरा आणि एडिटिंग शिकवतात आणि ते स्वतःच्या आयुष्यावर छोटे चित्रपट करतात. कोणीतरी तरुण जाऊन आजोबांची मुलाखत घेतो, असं नाही. आजोबाच टाइमलाइनवर क्लिप कापत बसलेत! आपण आपल्या आजोबांना "तुम्हाला नाही जमणार, द्या इकडे" म्हणून फोन काढून घेतो.

अजून एक इमारत सांगतो, फार ईस्ट बिल्डिंग. तिथे १९३५ पासून फार ईस्ट कॅफे होतं. गंमत म्हणजे ते चिनी हॉटेल, चिनी कुटुंबाचं. जपानी लोक तिथल्या जेवणाला 'चायना मेशी' म्हणायचे, मेशी म्हणजे जेवण. लग्न, बारसं, अंत्यविधीनंतरचं जेवण, सगळं तिथे. छावण्यांतून परतलेल्या, खिशात काही नसलेल्या कुटुंबांना त्यांनी जेवू घातलं अशी आठवण जुने लोक सांगतात. १९९४ च्या भूकंपात इमारतीचं नुकसान झालं आणि हॉटेल बंद पडलं. संस्थेने ती इमारत सावरली, वर १६ परवडणारी घरं केली, आणि 'चॉप सुई' लिहिलेला जुना निऑनचा बोर्ड पुन्हा पेटवला. म्हणजे एकाच इमारतीत घर आणि आठवण, दोन्ही.

आणि तेरासाकी बुदोकान. हे एक क्रीडागृह आहे. वस्तीत जिम असावं ही मागणी नव्वदच्या दशकापासूनची, आणि ते पूर्ण झालं २०२० मध्ये. पॉल तेरासाकी या शास्त्रज्ञाच्या कुटुंबाने त्यासाठी ३५ लाख डॉलर दिले. तेरासाकी म्हणजे तेच, ज्यांनी अवयव बदलताना दात्याच्या आणि रुग्णाच्या पेशी जुळतात का ते तपासायची चाचणी १९६४ मध्ये विकसित केली. लहानपणी ते स्वतः ॲरिझोनातल्या छावणीत होते. बुदोकान उभं राहिलेलं बघायला ते नव्हते, २०१६ मध्ये गेले.

जिमचा आणि संस्कृतीचा काय संबंध, असं मीही तिथल्या एका ओळखीच्याला विचारलं. उत्तर आहे बास्केटबॉल. जपानी अमेरिकन लोकांच्या स्वतःच्या बास्केटबॉल लीग आहेत, युद्धाच्या आधीपासूनच्या. आजची चौथी-पाचवी पिढी उपनगरांत राहते, जपानी भाषा बहुतेकांना येत नाही, देवळात जाणारे कमी. पण पोरं खेळतात. आणि सामना लिटिल टोकियोत असेल तर शनिवारी अख्खं कुटुंब गाडीत बसून येतं, सामन्यानंतर तिथेच जेवतं, आजीला भेटतं. म्हणजे पोरांना वस्तीत आणणारी गोष्ट इतिहासाचं व्याख्यान नाही, बास्केटबॉल आहे. आपल्याकडे हे गणपती करतो. वर्षभर दिसत नसलेली मुलं त्या दहा दिवसांत चाळीत असतात.

म्हाताऱ्या माणसांच्या कामाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथे यशाबरोबर एक मोठी जखमही आहे. संस्थेकडे जपानी बोलणारे समाजसेवक आहेत, घरपोच जेवण पोहोचवायची सोय आहे, आजारी नवरा-बायकोला सांभाळणाऱ्या कुटुंबीयांसाठी आधारगट आहेत. शिवाय गरीब ज्येष्ठांच्या घरी जाऊन किरकोळ दुरुस्त्या मोफत करून देणारे कामगार. बाथरूममध्ये भिंतीला धरायचा दांडा बसवणं, तुटकी पायरी नीट करणं. ऐकायला क्षुल्लक आहे. पण ज्यांच्या घरात कोणी बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलंय त्यांना त्या एका दांड्याची किंमत विचारा.

जखम अशी. केइरो नावाची दुसरी एक संस्था होती, १९६१ पासूनची, समाजाच्या देणग्यांवर उभी राहिलेली. तिने शहरात जपानी ज्येष्ठांसाठी निवासगृहं आणि शुश्रूषागृहं चालवली. जपानी बोलणारे कर्मचारी, जपानी जेवण. २०१६ मध्ये तिने ती सगळी सुमारे ४ कोटी १० लाख डॉलरला एका रिअल इस्टेट कंपनीला विकली. खर्च झेपत नाही, आता घरच्या घरी सेवा हाच पुढचा मार्ग, असं संस्थेचं म्हणणं होतं. लोक खवळले. सभा झाल्या, सह्या गोळा झाल्या, स्वतः बालपणी छावणीत राहिलेले अभिनेते जॉर्ज ताकेई बोलले. विक्री थांबली नाही. आणि २०२१ मध्ये त्यातल्या एका निवासातल्या नव्वदीतल्या माणसांना हलवून तिथे अपार्टमेंट करायची योजना पुढे आली. कोविडच्या काळात. समाजाच्या पैशातून बांधलेली गोष्ट एकदा विकली गेली की समाजाच्या हातात फक्त फलक धरून उभं राहणं उरतं.

इथे भाषेचा मुद्दा येतो. डिमेन्शिया झालेल्या, दोन भाषा येणाऱ्या माणसांत बऱ्याचदा असं दिसतं की नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि लहानपणची शेवटपर्यंत राहते. म्हणजे पन्नास वर्षं इंग्रजीत संसार केलेली बाई शेवटी जपानीतच पाणी मागते. समोरच्या नर्सला ते कळलं नाही, तर फाइलवर लिहिलं जातं की पेशंट असंबद्ध बोलतो.

आता माझं देणंघेणं. माझी आजी गिरगावात चाळीत राहते. वय ८१. मी बंगळुरूला. मागच्या वर्षी तिला माझ्याकडे आणलं. चारशे फ्लॅटची सोसायटी, लिफ्ट, बाग, सगळं ॲपवर: दूध ॲपवर, पाहुणा आला तर ॲपवर, कचऱ्याची तक्रार ॲपवर. मी सकाळी नऊला जायचो आणि रात्री आठला यायचो. तिला बोलायला कोण? खालच्या सिक्युरिटीवाल्याला ती मराठीत विचारायची, तो कन्नडमध्ये हसायचा. अकराव्या दिवशी म्हणाली, "बाळा, इथे सगळं छान आहे, पण मला कोणी हाक मारत नाही. मला घरी सोड." गिरगावात गॅलरीतून जाताना माणूस किमान सहा वेळा तिला "काय आजी, जेवलात का?" विचारतो. कधीकधी ती वैतागते त्याने. पण ते आहे.

आणि ती चाळ आता पुनर्विकासात चाललीये. जाऊ द्या ना, जायलाच हवी. चाळीबद्दल गहिवरून बोलणारे बहुतेक लोक आता चाळीत राहत नाहीत, हे मी बघितलंय. रात्री दोन वाजता गॅलरीच्या टोकाच्या सामायिक संडासला जाणारी ८१ वर्षांची बाई मी रोज फोनवर ऐकतो. तिला घरात संडास हवा, लिफ्ट हवी. प्रश्न तो नाहीये. प्रश्न हा की इमारत पाडून नवी उभी राहीपर्यंतची तीन-चार वर्षं ही माणसं कुठे असतील. कोणी विरारला, कोणी कल्याणला, कोणी मुलीकडे नाशकात. बिल्डर भाडं देतो, पण जो तो एकटा. आणि या वयात तीन-चार वर्षं म्हणजे काय, ते मी सांगायला नको. नवीन घराची चावी घ्यायला किती जण असतील?

नवीन घर मिळालं तरी पुढचा प्रश्न देखभाल खर्चाचा. पागडीचं भाडं महिना काहीशे रुपये भरणाऱ्या माणसाला टॉवरचा मेंटेनन्स हजारांत येतो. लिफ्ट, पंप, सिक्युरिटी, जनरेटर. कॉर्पस फंडाच्या व्याजातून निघेल म्हणतात, पण किती वर्षं? मग पेन्शनवाले घर भाड्याने देऊन किंवा विकून लांब जातात. कागदावर सगळ्यांचं पुनर्वसन झालेलं असतं, आणि वस्ती गेलेली असते. लिटिल टोकियोत भाडेकरू होते म्हणून गेले. इथे मालक होऊनही जातील.

लिटिल टोकियोचं सगळं गोड आहे असंही समजू नका. सुएहिरो कॅफे नावाचं हॉटेल १९७२ पासून होतं, फर्स्ट स्ट्रीटवरच्या त्या जागेतून त्यांना जानेवारी २०२४ मध्ये जावं लागलं. जागा भाड्याची होती. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्रीय वारसा ट्रस्टने देशातल्या सगळ्यात धोक्यात असलेल्या ११ ऐतिहासिक ठिकाणांत लिटिल टोकियोचं नाव घातलं. १९९५ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा असूनसुद्धा! दर्जा भिंती वाचवतो, भाडं कमी करत नाही. एकेकाळी कॅलिफोर्नियात चाळीसहून जास्त जपानी वस्त्या होत्या. आज अख्ख्या अमेरिकेत तीन उरल्यात: सॅन फ्रान्सिस्को, सॅन होजे आणि ही. संस्थेने शहराच्या मालकीच्या पार्किंगच्या जागेवर आणखी एक प्रकल्प हाती घेतला, २४८ परवडणारी घरं, दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या जपानी अमेरिकन सैनिकांच्या स्मृतीशी जोडलेला, आणि खाली छोट्या दुकानांसाठी जागा. दुकानदारही म्हाताऱ्या माणसांसारखेच भाड्याने उठतात, हे त्यांनी ओळखलंय.

तर तिथून मी काय घेऊन आलो? मोठी संस्था काढायची माझी ऐपत नाही, आणि इथे अमेरिकेसारखी करसवलतही नाही. पण सुरुवात फॉर्म भरून देण्यापासून झाली होती, ते जमण्यासारखं आहे. मागचे दोन महिने मी आणि चाळीतले अजून तिघे, त्यातली एक सी.ए. करते, शनिवारी संध्याकाळी बसतो. साठ-बासष्ट खोल्या आहेत. सत्तरी ओलांडलेली माणसं मोजली, १९ निघाली. प्रत्येकाचं: औषधं कुठली, डॉक्टर कोण, ट्रान्झिटला कुठे जाणार, तिथे मराठी बोलणारं शेजारी कोण, फोन कोण लावणार आणि कोणत्या वारी. साधी शीट आहे, ॲप वगैरे काही नाही. ॲप करूया म्हणणारा एक होता, त्याला मीच गप्प केलं. त्यातल्या अकरा जणांना फोनवर टायपिंग जमत नाही.

कमिटीपुढे तीन गोष्टी लेखी दिल्यात. कॉर्पसचं व्याज धरून दहाव्या वर्षी मेंटेनन्स किती येईल त्याचा हिशोब करारासोबत जोडावा. तळमजल्यावर एक खोली सगळ्यांची असावी, जिथे गणपती बसेल आणि एरवी सकाळी म्हातारी माणसं बसतील, आणि ती पुढे जिम किंवा ऑफिस म्हणून भाड्याने देता येणार नाही असं करारातच लिहावं. आणि सत्तरीवरच्यांच्या घरात बाथरूमला दांडे पहिल्यापासून बसवावेत. तिसरी लगेच मान्य झाली, स्वस्त आहे. पहिलीवर बिल्डरच्या माणसाने बघतो म्हटलंय. दुसरीवर आमच्यातच भांडणं आहेत, कारण तेवढी जागा सोडली तर प्रत्येकाचे काही चौरस फूट कमी होतील असं दोघातिघांचं म्हणणं आहे. त्यांचंही चूक नाही, १६० फुटांत आयुष्य काढलेल्या माणसाला दोन फूटही दिसतात.

आजीला मी विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, खोली ठेवा, पण दार गॅलरीच्या बाजूला उघडू दे, येणारा-जाणारा दिसला पाहिजे. नव्या नकाशात गॅलरी नाहीये. तो नकाशा या रविवारी परत मीटिंगला येतोय. तुमच्यापैकी कोणी आर्किटेक्ट असाल, किंवा तुमच्या चाळीच्या करारात असं काही लिहून घेतलं असेल, तर रविवारच्या आत मला नक्की कळवा.